वाचकांचे प्रश्न : मध आणि ग्रीन टीचे आंबवलेले पेय

प्रश्न : स. न. वि. वि. साखर आणि काळा चहा वापरून मी घरी कोंबुचा हे आंबवलेल्या चहाचे पेय करते. मध आणि ग्रीन टीपासून होणाऱ्या ‘जून’ या पेयाविषयी नुकतेच समजले. मात्र मध जंतुनाशक असल्यामुळे कोंबुचाची चकती (चहा आंबवणाऱ्या यीस्ट आणि जिवाणूंचा जाडसर थर) त्यात मरते आणि जूनसाठी तिबेटमधून आलेली वेगळी चकतीच लागते, असे मला सांगण्यात आले. हे खरे आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तिबेटच्या कथेवर फारसे विसंबू नये. तिबेटमधला रोजचा चहा म्हणजे विटेसारख्या दाबलेल्या गडद चहाचा, लोणी आणि मीठ घातलेला काढा; ग्रीन टी आणि मध ही जोडी त्या स्वयंपाकघरात कशी आली, याचा पुरावा या कथा सांगणारे देत नाहीत. जूनची आणि कोंबुचाची चकती मुळात एकाच प्रकारची असते. दोन्हींत यीस्ट आणि ॲसेटिक आम्ल तयार करणारे जिवाणू एकत्र नांदतात. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल बनवते आणि जिवाणू हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने त्या अल्कोहोलचे आम्ल करतात.

मध जंतूंना आवरतो हे खरे आहे, पण ते प्रामुख्याने तो घट्ट असताना. त्यात पाणी जेमतेम सतरा-अठरा टक्के आणि बाकी बहुतेक साखर असल्याने सूक्ष्मजीवांना वाढण्यापुरते पाणीच मिळत नाही. मध पाण्यात विरघळला की त्यातील एका विकरामुळे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते खरे, परंतु लिटरभर चहात साठ-सत्तर ग्रॅम मध असताना त्याचा प्रभाव इतका क्षीण असतो की धडधाकट चकती त्याला पुरून उरते. तरीही साखरेवर वाढलेली चकती एकदम मधात टाकू नये. पहिल्या खेपेला गोडव्याचा चौथा हिस्सा मधाचा ठेवावा, पुढच्या खेपेला अर्धा, मग पाऊण आणि शेवटी पूर्ण मध वापरावा. मूळ चकतीचा एक तुकडा त्याच्या आंबट चहासह वेगळ्या बरणीत राखून ठेवावा, म्हणजे मधाचा प्रयोग फसला तरी कोंबुचा हातचा जात नाही.

एक लिटर पाणी उकळून ते साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत उतरू द्यावे आणि त्यात पाच-सहा ग्रॅम ग्रीन टी तीन-चार मिनिटे ठेवून गाळून घ्यावा. उकळत्या पाण्यात ग्रीन टी कडवट होतो आणि तो कडवटपणा आंबवूनही जात नाही. लिंबू, पुदिना किंवा सुवासिक तेले लावलेल्या पिशव्या टाळाव्यात, कारण ती तेले चकतीला मानवत नाहीत. चहा कोमट झाल्यावर तीन मोठे चमचे, म्हणजे सुमारे साठ ग्रॅम मध विरघळवावा आणि पूर्ण थंड झाल्यावर आधीच्या खेपेचा १०० ते १५० मिलिलिटर आंबट चहा व चकती घालावी. बरणी काचेची असावी आणि तोंडाला दाट विणीचे कापड घट्ट बांधावे. सैल विणीच्या मलमलीतून चिलटे आत शिरतात.

या सगळ्यात नवशिक्यांचे दुर्लक्ष होते ते आंबट चहाकडे. सगळे कौतुक चकतीच्या वाट्याला येते, पण दही लावताना जे काम विरजण करते, ते येथे हा चहा करतो. मधात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) ४.६ च्या खाली असला की ते अंकुरत नाहीत. म्हणून मिश्रणाचा पीएच पहिल्याच दिवशी ४.५ च्या खाली असायला हवा. पीएच मोजण्याच्या कागदी पट्ट्या स्वस्त असतात; माझ्या मते त्यांच्याशिवाय हा उद्योग आरंभूच नये. पट्टी जास्त आकडा दाखवत असेल, तर आणखी आंबट चहा घालावा.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात तिसऱ्याच दिवशी पेय अतिशय आंबट होते. वर पांढरट पापुद्रा आणि खाली तपकिरी तंतू दिसतात. हे फेकून द्यावे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तपकिरी तंतू यीस्टचे असतात आणि गुळगुळीत, ओलसर पांढरा पापुद्रा ही नवी चकती असते, दोन्ही निर्धोक आहेत. पृष्ठभागावर कोरडे, केसाळ, हिरवे, काळे किंवा पांढरे ठिपके दिसले, तर मात्र ती बुरशी समजावी आणि चकतीसह सगळे टाकून द्यावे. वरचा भाग खरवडून उरलेले पिण्याचा मोह आवरावा.

आंबटपणाचे कारण उष्मा आहेच, शिवाय मधही आहे. साध्या साखरेचे रेणू यीस्टला आधी फोडावे लागतात. मधात ते काम मधमाश्यांनी आधीच केलेले असल्यामुळे आंबण्याला लवकर सुरुवात होते. जूनला २० ते २५ अंशांचे तापमान मानवते आणि त्यात ते साधारण चार ते सात दिवसांत तयार होते. विदर्भातल्या उन्हाळ्यात बरणी घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावी आणि दुसऱ्या दिवसापासून रोज स्वच्छ चमच्याने चव घ्यावी. मे महिन्यात हा खटाटोप बंद ठेवून चकती आंबट चहात बुडवून विसावू दिली तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : आयुर्वेदात मध तापवू नये असे सांगितले आहे. मग हे पेय चालेल का? आणि मध कोणता घ्यावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वर दिलेल्या पद्धतीत मध कोमट चहातच जातो, त्यामुळे तो तापवण्याचा प्रश्न येत नाही. महाबळेश्वर भागातील जांभळाचा मध गडद आणि किंचित तुरट असतो. त्याने पेयाला खोली येते, पण ग्रीन टीचा स्वाद दबतो. नाजूक स्वाद हवा असेल तर फिकट रंगाचा, बहुफुलांचा मध बरा. कारवीचा मध कारवी फुलते त्या वर्षीच मिळतो. तो बरणीत आंबवायला घालणे मला तरी उधळपट्टी वाटते.

आणखी एक सांगितले पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातील अनेक ब्रँडच्या मधात साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचे जाहीर केले होते. असा पाकही झकास आंबतो, त्यामुळे पेय चांगले जमले म्हणून मध शुद्ध, असा निष्कर्ष काढू नये.

प्रश्न : हे पेय मुलांना, मधुमेह्यांना द्यावे का? आमच्या बचत गटाला ते बाटल्यांत भरून विकता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एक वर्षाखालील बाळाला मध देत नाहीत आणि म्हणून हे पेयही देऊ नये. गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी घरी आंबवलेले, न तापवलेले पेय टाळावे. यीस्ट ग्लुकोज आधी संपवते आणि फ्रुक्टोज मागे रेंगाळते, त्यामुळे आंबट लागणाऱ्या पेयातही साखर उरलेली असते; मधुमेह्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. निरोगी माणसानेही अर्ध्या पेल्यापासून सुरुवात करावी.

विक्रीचे मात्र जपून. बाटलीचे बूच लावले की जिवाणूंना हवा मिळत नाही, पण यीस्टचे काम चालूच राहते. परिणामी वायू साठतो आणि अल्कोहोलही वाढते. साध्या पातळ काचेची बाटली अशा वेळी फुटू शकते, म्हणून जाड काचेची, दाब सोसणारी बाटली घ्यावी, वर दोन बोटे जागा सोडावी आणि एक-दोन दिवसांत ती फ्रिजमध्ये ठेवावी. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेले पेय मद्यात मोडते, आणि घरची बाटली ही मर्यादा सहज ओलांडू शकते. चवीवरून हे प्रमाण ओळखता येत नाही. तेव्हा आधी प्रयोगशाळेतून प्रत्येक चवीच्या पेयाचे अल्कोहोल मोजून घ्यावे, तेही भरल्याच्या दिवशी आणि पुन्हा काही आठवड्यांनी, आणि अन्नपरवान्याचा अर्ज त्यानंतर करावा.