कार्नो इंजिनाच्या गणितात तापमान सेल्सिअसमध्येच ठेवलं तर काय बिघडतं?

आधी तुम्ही विचारलेलं गणित: कार्नो इंजिनाची, म्हणजे उष्णतेवर चालणाऱ्या कल्पनेतल्या आदर्श इंजिनाची, कार्यक्षमता २५ वरून ४० टक्के करायला सोर्स (उष्णता देणारी गरम बाजू) किती तापवावा? सूत्र असं: कार्यक्षमता म्हणजे १ वजा (सिंकचं तापमान भागिले सोर्सचं तापमान), दोन्ही केल्विनमध्ये. सिंक (उरलेली उष्णता घेणारी थंड बाजू) २७ अंश सेल्सिअस, म्हणजे २७ अधिक २७३, ३०० केल्विन. कार्यक्षमता २५ टक्के, तर सोर्स ३०० भागिले ०.७५, म्हणजे ४०० केल्विन. ती ४० टक्के हवी तर ३०० भागिले ०.६, म्हणजे ५००. सोर्स १०० केल्विनने वाढवा. हा फरक सेल्सिअसमध्येही १००च, त्यात पुन्हा २७३ मिळवू नका.

पण "केल्विन हा नुसता पुस्तकी हट्ट आहे असं मित्र म्हणतो" हे तुमचं वाक्य वाचून राहवलं नाही.

मी औष्णिक वीज केंद्रात टर्बाइनवर कामाला होतो. वाफ ५४० अंशांवर आत यायची, कंडेन्सर (वाफ थंड करणारा भाग, म्हणजे आमचा सिंक) साधारण ४० अंशांवर. एका बैठकीत वरिष्ठांनी फळ्यावर १ वजा ४० भागिले ५४० मांडलं आणि म्हणाले, "आदर्श कार्यक्षमता ९२ टक्के, आपली ३८. बाकीची कुठे मुरते?" रोख सरळ आमच्या विभागाकडे होता.

मी उठलो, ४० पुसून शून्य लिहिलं. कार्यक्षमता शंभर टक्के! म्हणजे बर्फाच्या पाण्यात सिंक बुडवला की सगळ्या उष्णतेचं काम होणार. मग उणे १० लिहिलं, तर उत्तर जवळजवळ १०२. पाणी कुठे गोठतं यावर सेल्सिअसचं शून्य ठरलंय, इंजिनाला त्याचं काय? म्हणून तर लॉर्ड केल्विन या शास्त्रज्ञाने १८४८ साली निरपेक्ष मापनश्रेणी मांडली, तीही कार्नोच्याच १८२४ च्या विचारातून. खरं गणित १ वजा ३१३ भागिले ८१३, म्हणजे मर्यादा ६१.५ टक्के.

ते म्हणाले, "ठीक आहे, पुढचा विषय." इतिवृत्तात आकडा ९२ च राहिला, आणि आमच्या माणसांना वर्षभर त्याचा जाब विचारला गेला. मित्राला सांगा, एका चुकीच्या एककापायी माणसं कामचुकार ठरतात. वाद घालायचाच असेल तर आधी सिंक शून्य अंशावर ठेवून दाखव म्हणावं.

सिंक थंड करून कार्यक्षमता वाढेल का, हेही विचारलंय. वाढते. तुमच्या गणितात सोर्स ४०० केल्विनवरच ठेवून सिंक ६० अंशांनी थंड केला की ती ४० टक्के गाठते, पण उणे ३३ अंशांचा सिंक आणायचा कुठून?

आणि हो, ६१.५ सुद्धा प्रत्यक्षात मिळत नाही. सगळी उष्णता काही ५४० अंशांवर आत येत नाही, पाणी थंड असल्यापासून तापवावं लागतं. शिवाय कार्नो इंजिन अतिशय संथ चालवावं लागतं, त्यातून शक्ती जवळपास शून्य. कर्झन आणि आल्बोर्न या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये जास्तीत जास्त शक्तीसाठी जे सूत्र दिलं, त्यात तापमानांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ येतं. आमचे आकडे घातले तर उत्तर ३८ टक्के. प्रत्येक केंद्राचा आकडा त्याच्याशी इतका जुळेलच असं नाही, पण आमचा जुळत होता.