वाफसा येईपर्यंत

प्रिय पोरी,

पंचगंगेचं पाणी तुझ्या रानातून उतरलं, हे कळलं. आता घरचे म्हणतील, शेजारी म्हणतील, "एक रोटर मार, लगेच सुकतंय." अजिबात ऐकू नकोस. ओल्या काळ्या जमिनीत ट्रॅक्टर घातलास तर खाली फरशीसारखा थर बसेल आणि पुढचं पीक त्याच्यावर मुळं आडवी पसरून बसेल. २०१९ ला आणि परत २०२१ ला आपल्या शिरोळ तालुक्यात अशी घाई केलेली रानं बरीच पाहिली. पुढं दोन-दोन हंगाम ती रडत होती.

आधी फक्त चर काढ आणि साचलेलं पाणी वाट करून दे. मोटार वाळवून मेकॅनिकला दाखवल्याशिवाय बटण दाबू नकोस. रानात जाताना गमबूट घाल, पायाला जखम असेल तर जाऊच नकोस. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतानं बाटलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचा धोका असतो, ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठ.

गाळ हलवण्याआधी फोटो काढ, आणि पट्टी उभी धरून काढ. गाळ तीन इंचांहून जास्त असेल तर तो काढण्याची मदत पीकनुकसानीपेक्षा वेगळी असते. पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक आले की दोन्ही वेगवेगळं लिहून घे. सातबाऱ्यावर नुसता ऊस असेल आणि तुझी भाजी ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरच्या सरकारी पीकनोंदीत चढलीच नसेल, तर हे दुखणं आत्ताच कळलेलं बरं.

आता पीक. पिवळं पडलंय म्हणून ते भुकेलं आहे असं समजू नकोस. मुळांना हवा नाही. एक रोप अलगद उपट आणि बारीक मूळ चिमटीत धरून ओढ. साल सुटून हातात नुसता दोरा राहिला, तर ते रोप गेलं. पांढरं, टणक मूळ दिसलं, तर त्याला वेळ दे. या दिवसांत कुणीतरी मायेनं युरियाचं अर्धं पोतं बांधावर आणून ठेवेल. चहा पाजून पोतं परत पाठव. मुळंच श्वास घेत नसतील तर युरिया उचलणार कोण? वर तुझ्या सेंद्रिय प्रमाणपत्राचा रूपांतरण काळ, म्हणजे रासायनिक सोडून सेंद्रिय होण्याची मुदत, पहिल्यापासून मोजावी लागेल, हंगामी पिकांना दोन वर्षं, फळझाडांना तीन. शेण-गोमूत्राच्या जीवामृताचं पिंपही तसंच राहू दे. चिखलात त्याचा उपयोग नाही.

वाफसा आला की नाही, म्हणजे जमीन मशागतीजोगी झाली की नाही, हे वरच्या पापुद्र्यावरून ठरवू नकोस. वर भेगा पडतात आणि खाली लोणी असतं. वीतभर खालची माती मुठीत दाब, गोळ्याला अंगठा लाव. फुटला तर वाफसा, नुसता चेपला तर अजून थांब. निळसर-करडी माती आणि कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर चर आणखी खोल कर.

वाफसा आल्यावर मोकळ्या पट्ट्यांत हिरवळीच्या खतासाठी धैंचा टाक, एकरी वीस किलोच्या आसपास. तागापेक्षा धैंचा ओल जास्त सोसतो. फुलावर आला की गाड, दीड महिना धर. रब्बीच्या हरभऱ्याला रान तयार मिळेल. पातळ गाळ मातीत मिसळला तरी चालेल. वरच्या रानांतली खतं-औषधं त्या पाण्यातून तुझ्याकडे आलीच असणार, म्हणून मातीची तपासणी कर आणि पाणी कोणत्या तारखेला कुठवर होतं ते तुमच्या पीजीएस गटाला, म्हणजे एकमेकांची रानं तपासून सेंद्रियची हमी देणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाला लिहून कळव. ते तुझ्याकडून कळलेलं बरं, दुसऱ्याकडून नको.

राहिली गिऱ्हाईकं. मांडवाच्या खांबावर चिखलाची रेघ दिसेल. त्या रेघेखालची भाजी कितीही धुतलीस तरी विकायची नाही, घरातही खायची नाही. पालक, मेथी, कोथिंबीर सगळी कंपोस्टात, आणि ढीग आत हात घालवणार नाही इतका तापला पाहिजे. रेघेच्या वर लोंबणारे दोडके चालतील. आगाऊ पैसे दिलेल्यांना फोटोसकट खरं काय ते कळव आणि ज्याला हवेत त्याला पैसे परत दे. बरेच जण "राहू दे, रब्बीत भाजी द्या" म्हणतील. त्यांची नावं वहीत वेगळी लिहून ठेव, पहिली मेथी त्यांच्याकडे जायला हवी.

धैंच्याचं बी माझ्याकडे आहे. विकत आणू नकोस, पोतं घेऊन ये.

तुझा,
काका