समलिंगी जोडपं आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यायला लागलंय, 'सर्वांचं स्वागत आहे' एवढं म्हटलं की पुरे का?

नाही, पुरे नाही. हे मी शहाणपण शिकवायला सांगत नाहीये, मंडळीच्या कमिटीवर असताना मी स्वतः याच बाबतीत माती खाल्लीय म्हणून सांगतोय.

तुम्ही लिहिलंय की दोघी तीन महिने येतायत, मागच्या बाकावर बसतात, पाळक (पास्टर) हसून बोलतात, सगळं छान चाललंय, पण आता त्यांनी सभासदत्वाचा फॉर्म मागितला आणि कमिटीत कुजबुज सुरू झाली. अगदी ओळखीचं वाटलं. आमच्याकडे एक तरुण संडे स्कूलला शिकवायचा, पोरं त्याच्यावर जीव टाकायची, त्याने एकदा पाळकांना विश्वासात घेऊन सांगितलं की मी गे आहे. पाळक चांगलंच बोलले. मग पंधरा दिवसांनी कमिटीने ठरवलं की त्याला 'थोडा ब्रेक घे' म्हणायचं आणि ते सांगायला मला पाठवलं, कारण काय तर मी गोड बोलतो. त्याने वाद घातला नाही. बॅगेतून हजेरीची वही काढून टेबलावर ठेवली, त्यात पुढच्या तीन रविवारचे धडे पेन्सिलने लिहून ठेवलेले आणि एका पोराच्या नावापुढे बारीक अक्षरात, की याला अंधाराची भीती वाटते, नाटकात दिवे घालवू नका. एवढंच म्हणाला, आधीच सांगायचं होतं ना, मी इतका जीव लावला नसता.

तर मुद्दा हा आहे. स्वागत करणं वेगळं आणि स्वीकार करणं वेगळं. स्वागत म्हणजे या, बसा, गाणी म्हणा. स्वीकार म्हणजे त्यांचं नातं पाप न मानता बाकीच्यांना जे जे खुलं आहे ते त्यांनाही खुलं, म्हणजे प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा विधी), सभासदत्व, त्यांच्या मुलाचा बाप्तिस्मा, संडे स्कूल, कमिटीवर निवडून येणं, लग्न, पाळकपद सुद्धा. तुमची मंडळी यात नक्की कुठे उभी आहे ते कागदावर आणा. मी स्वतः आता पूर्ण स्वीकाराच्या बाजूचा आहे, पण ज्या मंडळीला ते मान्य नाही तिने निदान पहिल्या महिन्यात तोंडावर सांगावं, माणूस दोन वर्षं राबल्यावर नाही.

बायबलच्या वचनाचं काय, हा प्रश्न येणारच आणि तो टाळू नका. आम्ही तो टाळला आणि तिथेच फसलो. रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, पहिले करिंथ ६:९, लेवीय १८, हे उतारे सगळ्यांनी एकत्र बसून वाचा. करिंथच्या त्या वचनातला एक ग्रीक शब्द ते पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या आधी कुठे फारसा सापडतच नाही, त्याच्या अर्थावरून अभ्यासक अजून भांडतायत आणि इंग्रजी बायबलात तिथे 'होमोसेक्शुअल' हा शब्द पहिल्यांदा छापला गेला तो १९४६ साली. यावरून सगळं सिद्ध होतं असं नाही हां, समोरच्या बाजूलाही अभ्यास केलेली माणसं आहेत. मला हलवलं ते प्रेषितांची कृत्ये ८ मधल्या कूशी (इथिओपियाच्या) षंढाने, म्हणजे खच्ची केलेल्या दरबारी माणसाने. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायाप्रमाणे त्याला मंडळीत प्रवेशच नव्हता, यशया ५६ मध्ये तोच दरवाजा उघडतो आणि इथे तो येशूची शिकवण सांगणाऱ्या फिलिप्पाला थेट विचारतो की मला बाप्तिस्मा घ्यायला अडचण काय. तो गे होता असं मी म्हणत नाहीये. फिलिप्पाने कमिटी बोलावली नाही, एवढंच म्हणतोय.

आणि घाई करू नका, मोठमोठ्या चर्चनाही वेळ लागलाय. अमेरिकेतल्या युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने मंडळ्यांनी स्वतःला उघडपणे 'स्वीकार करणारी' जाहीर करावं असा ठराव १९८५ मध्ये केला. युनायटेड मेथडिस्टांनी १९७२ मध्ये समलैंगिक आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत आहे असं नियमात घातलं आणि ते काढलं २०२४ मध्ये, त्याच्या आधीच्या चार-पाच वर्षांत ७,००० च्या वर मंडळ्या बाहेर पडल्या. कॅथलिकांनी डिसेंबर २०२३ मध्ये अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायची मोकळीक दिली, लग्नाची शिकवण मात्र तीच ठेवली. म्हणजे तुमच्याकडेही कोणीतरी जाणार, बहुतेक जास्त दशांश (मिळकतीतला चर्चला द्यायचा वाटा) देणारंच कोणीतरी, याची तयारी ठेवा.

बारीकसारीक गोष्टी पण सांभाळा. फॉर्मवर पती/पत्नी ऐवजी जोडीदार लिहा. कोणी ट्रान्स असेल तर ती व्यक्ती सांगेल तेच नाव, रजिस्टरमध्ये सुद्धा. आणि प्रार्थना विनंतीच्या नावाखाली कोणाची गोष्ट दहा घरी जाऊ देऊ नका, आपल्याकडे गॉसिपला सगळ्यात सोयीचा दरवाजा तोच आहे. समलिंगी माणसाला 'बरं' करायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका, ते काम करणारी एक्झोडस इंटरनॅशनल नावाची मोठी संस्था २०१३ मध्ये बंद झाली आणि बंद करताना तिच्या अध्यक्षांनी लोकांची माफी मागितली.

आमच्या त्या संडे स्कूलवाल्या तरुणाची माफी मागायला मला दोन वर्षं लागली. तो नीट बोलला, पण परत आला नाही, आता दुसऱ्या एका मंडळीत शिकवतो.

तुमच्या त्या दोघींना कमिटीची मीटिंग होईपर्यंत लटकत ठेवू नका. याच रविवारी उपासना झाल्यावर तुम्ही स्वतः जाऊन सांगा की फॉर्मचं अजून ठरलेलं नाही, कशावर अडलंय ते सांगा आणि कधीपर्यंत ठरेल त्याची तारीख द्या. गोड बोलणाऱ्या माणसाला पाठवू नका.