शेतात सापडलेली, हिरवी पडलेली तांब्याची शिवराई कशी साफ करावी?

चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी यातलं काहीही लावू नका. देवघरातला तांब्या त्याने लखलखतो, पण नाण्याच्या अक्षरांचे बारकावे बरेचदा त्या हिरव्या-तपकिरी थरातच टिकून असतात. आम्लाने थर गेला की ‘श्री राजा शिव’ही जातं आणि हाती उरते गुलाबी, खडबडीत चकती. संग्राहक तिला विचारत नाहीत.

फक्त माती काढा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, पाणी रोज बदला. आठवडाभराने ओल्या नाण्यावरची माती भिंगाखाली बांबूच्या टूथपिकने हळूहळू उचला. सुई, तारेचा ब्रश नको. निघत नसेल तर पुन्हा भिजवा, घाई कसली? मग पूर्ण वाळवा.

फिकट पोपटी भुकटी सुटत असेल तर तो क्लोराइडमुळे होणारा गंज आहे, दमट हवेत तो वाढतच जातो. असं नाणं वेगळं काढून सिलिका जेलसोबत हवाबंद डबीत ठेवा.

आणि हो, १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. साफसफाईआधी ते करा.