वाचकांचे प्रश्न : बोलिवारचे घोडेस्वार नेमके कोणाचे?

प्रश्न : ‘सिव्हिलायझेशन 6’ या संगणकावरच्या खेळात मी दक्षिण अमेरिकेचा स्वातंत्र्यसेनानी सिमोन बोलिवार याच्या ग्रान कोलंबिया देशाकडून खेळलो आणि ‘युरोपा युनिव्हर्सालिस 4’मध्ये स्पेनकडून. पहिल्या खेळात बोलिवारच्या फौजा भराभर पुढे सरकून सगळे जिंकतात. दुसऱ्यात मी सैन्य मोठे ठेवले की वसाहती बंड करतच नाहीत. दक्षिण अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा प्रत्यक्षात यांपैकी कशासारखा होता? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन्ही खेळांत थोडे थोडे तथ्य आहे, पण एकीकडे वसाहती आणि दुसरीकडे स्पेन, अशी जी मांडणी दोन्ही खेळ गृहीत धरतात, ती या युद्धाला नीट लागू पडत नाही. बराच काळ हे अमेरिकेतल्याच लोकांचे आपापसांतले युद्ध होते.

‘युरोपा’मध्ये वसाहतीची स्वातंत्र्याची ओढ टक्क्यांत मोजली जाते. मायदेशाच्या तुलनेत वसाहत बलवान झाली किंवा तिच्यावरचा कर वाढवला की हा आकडा चढतो आणि 50च्या पुढे गेला की वसाहतीची निष्ठा संपली असे समजायचे. 1808 साली मात्र वसाहती बलवान झाल्या नव्हत्या, मायदेशाची गादीच रिकामी झाली होती. नेपोलियनने सातव्या फर्डिनंडला बायोन येथे राज्यत्याग करायला लावून आपला भाऊ जोसेफ याला स्पेनच्या सिंहासनावर बसवले. तेव्हा राजा कैदेत असताना त्याच्या नावाने हुकूम कोणी काढायचे, हा पेच व्हेनेझुएलातल्या कराकसपासून ब्युनोस आयर्सपर्यंतच्या नगरसभांपुढे उभा राहिला. 19 एप्रिल 1810 रोजी कराकसमध्ये सत्तेवर आलेल्या मंडळाने फर्डिनंडच्या हक्कांचे रक्षण हेच आपले काम असल्याचे जाहीर केले होते. व्हेनेझुएलाने स्वातंत्र्याची घोषणा केली ती त्यानंतर सव्वा वर्षाने, 5 जुलै 1811 रोजी. फौजांच्या बेरीज-वजाबाकीतून हा प्रसंग निघणे शक्य नाही, आणि म्हणूनच खेळात आपले मोठे सैन्य पाहून आपल्या वसाहती गप्प बसतात.

आता ‘सिव्हिलायझेशन’कडे वळू. त्यात ग्रान कोलंबियाच्या प्रत्येक पथकाला एक पाऊल जादा चालता येते आणि ‘यानेरो’ हे घोडदळ फक्त त्याच देशाला मिळते. माझा आक्षेप आहे तो नेमका इथे. ओरिनोको खोऱ्यातल्या गवताळ मैदानांवर गुरे राखणारे हे यानेरो 1814 मध्ये होसे तोमास बोवेसच्या मागून राजाच्या बाजूने लढले आणि त्यांनीच बोलिवारचे व्हेनेझुएलातले दुसरे प्रजासत्ताक बुडवले. त्याला कारणही तसेच होते. पहिल्या प्रजासत्ताकाने 1811 मध्ये केलेल्या नियमांनी मैदानातली मोकाट गुरे मोठ्या जमीनदारांच्या मालकीची ठरवली होती आणि मजुरांवर परवाना बाळगण्याची सक्ती केली होती. ज्या गुरांवर आपले पोट चालते ती हिरावणारे प्रजासत्ताक गुराख्यांना राजापेक्षा जवळचे का वाटावे? बोवेस 1814च्या अखेरीस उरिका येथे मारला गेला. त्यानंतर होसे आंतोनियो पाएसच्या नेतृत्वाखाली यानेरो प्रजासत्ताकाकडे वळले आणि 1817 मध्ये बोलिवारने जप्त मालमत्तेत सैनिकांना वाटा देण्याचा कायदा केला. तेव्हा हे घोडेस्वार बोलिवारच्या पदरात जन्मजात पडलेले नव्हते. ते मिळवावे लागले.

9 डिसेंबर 1824 रोजी पेरूत आयाकुचोची निर्णायक लढाई झाली, तेव्हाही राजाच्या सैन्यातले बहुसंख्य शिपाई त्याच भूमीतले होते. लढाईला तोंड फुटण्यापूर्वी राजपक्षाचा सेनापती मोनेट याने सुचवल्यावरून दोन्हीकडचे नातलग आणि जुने स्नेही मधल्या मोकळ्या जागेत येऊन एकमेकांना भेटले, आणि मग आपापल्या रांगेत परतून लढले. पटावर निळी आणि लाल अशी दोनच रंगांची सोंगटी ठेवली की हा प्रसंग दाखवायला जागाच राहत नाही.

प्रश्न : ‘युरोपा 4’ आणि ‘व्हिक्टोरिया 3’ हे एकाच कंपनीचे खेळ आहेत. मग हे युद्ध दोन्हींत अपुरे का वाटते? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कारण पहिला 1821च्या जानेवारीत संपतो आणि दुसरा 1836 मध्ये सुरू होतो. काराबोबो, पिचिंचा, हुनिन आणि आयाकुचो या लढाया, बोलिव्हियाची स्थापना आणि ग्रान कोलंबियाची फाटाफूट असे सगळे मधल्या फटीत पडले आहे.

प्रश्न : आम्ही मित्रमंडळी या विषयावर पुठ्ठ्याचा खेळ तयार करत आहोत. लढायांचे नियम बसले आहेत. आणखी काय घ्यावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खेचरे घ्यावीत. जानेवारी 1817 मध्ये अर्जेंटिनाचा सेनानी सान मार्तिन मेंदोसाहून अँडीज ओलांडून चिलीत उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे 5,000 माणसे आणि 10,000च्या आसपास खेचरे होती. निम्म्याहून अधिक खेचरे वाटेतच गेली. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून शिधासामग्रीत कांदा आणि लसूण बांधून घेतला होता, सोबत सुकवलेले मांस. चाकाबुकोची लढाई त्याने 12 फेब्रुवारीला जिंकली. पण खरा डाव मेंदोसात आधीची दोन-अडीच वर्षे माणसे, जनावरे आणि दारूगोळा जमवताना खेळला गेला होता. म्हणून डोंगर ओलांडणे हा एक फासा टाकून उरकण्याचा प्रकार ठेवू नये. किती जनावरे जमवली, ऋतू कोणता आणि सैनिक कुठल्या हवामानातले, या तिन्हींवर नुकसान ठरू द्यावे. 1819 मध्ये बोलिवारने उष्ण मैदानातले अपुऱ्या कपड्यांचे सैनिक घेऊन पिस्बाचे थंडगार पठार ऐन पावसाळ्यात ओलांडले, त्यात कित्येक जण गारठून मेले आणि घोडे जवळजवळ सगळे गमावले. तरीही 7 ऑगस्टला त्याने बोयाकाची लढाई जिंकली ती याच वाटेमुळे, कारण तिकडून कोणी येईल अशी शत्रूची अपेक्षाच नव्हती.

स्पेनकडून खेळणाऱ्यासाठी कुमकीची दोन पाने ठेवा. पहिले 1815चे : स्पॅनिश सेनापती मोरियोबरोबर 10,000हून अधिक सैनिक समुद्र ओलांडून येतात. दुसरे पान कादिसजवळ जमवलेल्या सैन्याचे. हे सैन्य जहाजावर चढण्याआधीच, 1 जानेवारी 1820 रोजी, रिएगो या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने राजाविरुद्ध उठले आणि अमेरिकेला कधी पोहोचलेच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात मोरियोला बोलिवारशी युद्धबंदीचा करार करावा लागला. स्पेनच्या खेळाडूने या दुसऱ्या पानाची वाट पाहत पैसे साठवत राहावे, आणि ते उलटेल की सुलटेल हे त्याला पान उघडेपर्यंत कळू नये.