टर्बोची स्प्रिंग: कडक घ्यायची की मऊ?

या वेळी टपालात आणि मेलवर टर्बोचेच प्रश्न जास्त आले, म्हणून सगळे एकत्र घेतोय. नवख्यांसाठी: टर्बो एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून इंजिनात जादा हवा दाबून भरतो, त्या जादा दाबाला बूस्ट म्हणतात, आणि तो किती झाला की जादा गॅस बाजूला सोडायचा हे अॅक्च्युएटर नावाच्या डबीतली स्प्रिंग ठरवते. नावं छापायची नाहीत असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं, त्यामुळे फक्त गावं देतोय.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): दादा, माझ्याकडे जुनी ऑक्टाव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो पेट्रोल, आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यातूनच निघालेली. मीटरवर ०.७ बारच्या आसपास बूस्ट दिसतो, मला १ बार पाहिजे. गॅरेजवाला म्हणतो रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणं), सोलेनॉइड (विजेवर चालणारी छोटी झडप) असल्या भानगडीत पडूच नका, १ बारची कडक स्प्रिंग असलेला अॅक्च्युएटर बसवू, विषय संपला. बसवू का?

उत्तर: नका बसवू भाऊ. स्प्रिंग म्हणजे बूस्टचा तळ असतो हे आधी डोक्यात पक्कं करा. सोलेनॉइड लावा नाहीतर हाताने फिरवायचा कंट्रोलर लावा, ते बूस्ट तळाच्या वर नेतात, खाली कुणीच आणू शकत नाही. १ बारची स्प्रिंग टाकली की पावसात पहिल्या-दुसऱ्या गियरला १ बार, मे महिन्याच्या उन्हात ट्रॅफिकमधून सुटल्यावर १ बार, आणि कुठल्यातरी आडवाटेच्या पंपावर भेसळीचं पेट्रोल पडलं तरी १ बारच. इंजिन नॉक करायला लागलं (इंधन अवेळी पेटून ठोके पडायला लागले) तर ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर इग्निशन मागे घेईल, म्हणजे ठिणगी उशिरा देईल, थ्रॉटल बंद करेल, पण बूस्ट कमी करायचा जो सगळ्यात सोपा आणि सुरक्षित रस्ता होता तो तुम्ही स्वतःच बंद करून ठेवलेला असेल.

कंपनीने काय केलंय ते बघा. टर्बोच्या थंड बाजूकडून एक बारीक नळी अॅक्च्युएटरच्या डबीत येते, डबीत रबरी पडदा, त्याच्या मागे स्प्रिंग. हवेचा दाब स्प्रिंगला भारी पडला की पडदा दांडी ढकलतो, दांडी गरम बाजूची झडप उघडते आणि एक्झॉस्टचा गॅस टर्बाइनला (गॅसवर फिरणाऱ्या पंख्याला) वळसा घालून सरळ सायलेन्सरकडे निघतो. तुमच्या गाडीतल्या के०३ टर्बोची स्प्रिंग चांगलीच मऊ असते, नुसत्या स्प्रिंगवर ०.३-०.४ बारच्या पुढे गाडी फारशी जात नाही. वरचा सगळा बूस्ट एन७५ नावाचा सोलेनॉइड देतो, तो त्या नळीतली थोडी हवा मधल्या मध्ये सोडून देतो, त्यामुळे पडद्याला खरा दाब कमी कळतो आणि झडप उशिरा उघडते. सोलेनॉइडची वायर निघाली की बूस्ट आपोआप तळाला येतो आणि इंजिन वाचतं. साब या कार कंपनीने १९८० च्या दशकात एपीसी नावाची सिस्टिम आणली ती याच विचारावर होती, तळाचा बूस्ट कमी ठेवायचा आणि नॉक सेन्सरला काही ऐकू येत नाही तोवर सोलेनॉइडने वर चढवत जायचं. पेट्रोल कसंही मिळालं तरी इंजिन सांभाळलं जायचं.

आता किती घ्यायची. कामाचा ठोकताळा असा की सोलेनॉइडने स्प्रिंगच्या साधारण दुप्पट बूस्ट नीट कंट्रोल करता येतो, त्याच्या पुढे बूस्ट डगमगायला लागतो आणि वरच्या आरपीएमला गॅसचा उलटा दाबच झडप ढकलून उघडतो, मग बूस्ट गळतो. म्हणजे १ बार पाहिजे तर ०.५ ची स्प्रिंग पुरे, फार तर ०.६, आणि बाकीचं काम रिमॅपमध्ये सोलेनॉइडच्या ड्युटी सायकलवर (तो किती वेळ चालू ठेवायचा त्यावर). के०३ छोटा टर्बो आहे, मधल्या आरपीएमला १ बार देईल पण वर ६००० कडे तो धरून ठेवायला लावू नका, तिथे नुसती गरम हवा भरली जाते. आणि रिमॅप करणाऱ्याला स्पष्ट सांगा की गाडी ई२० वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) चालणार आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे इंधन आठ-नऊ टक्के जास्त द्यावं लागतं, आणि पूर्ण अॅक्सिलरेटरवर ते कमी पडलं तर पिस्टन जातो.

अॅक्च्युएटर नवा असो की जुना, बसवायच्या आधी तपासाच. माझ्याकडे घरातलं जुनं बीपीचं मशीन आहे, काट्याच्या डायलचं, त्याची रबरी नळी अॅक्च्युएटरला जोडतो आणि फुगा दाबत जातो. डायलवरचे ३०० म्हणजे बरोबर ०.४ बार. काटा चढतो चढतो, दांडी ढिम्म, आणि मग एका आकड्याला ती केसभर सरकते, तो आकडा लिहून ठेवायचा. त्या जागी फुगा दाबणं थांबवायचं आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा आपोआप खाली यायला लागला तर पडदा फाटलाय, तो अॅक्च्युएटर टाकून द्या. ०.५ च्या स्प्रिंगला हे मशीन पुरणार नाही, तिथे कॉम्प्रेसरला रेग्युलेटर लावून करा. दांडीचा नट फिरवून थोडा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवता येतो पण दोन-चार आटे, स्प्रिंग बदलायला पर्याय म्हणून नाही.

आणि एक, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाहीत आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हेच पुढे करू शकतात. हे माहीत असू द्या आणि मग ठरवा.

प्रश्न (अलिबाग): लिनिया टी-जेट आहे, बूस्ट मीटर बाहेरून बसवलाय. वाईवरून पसरणी घाट चढून महाबळेश्वरला गेलो की मीटर घरच्यापेक्षा जास्त बूस्ट दाखवतो, पण गाडी जास्त पळते असं काही वाटत नाही. स्प्रिंग ढिली झाली का?

उत्तर: स्प्रिंग ढिली झाली असती तर बूस्ट कमी झाला असता. तुमचा मीटर बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त तेवढंच दाखवतो. अलिबागला बाहेरची हवा १ बार, महाबळेश्वर साधारण १३७० मीटरवर, तिथे ०.८६ च्या आसपास. ईसीयूवाल्या बहुतेक गाड्यांत लक्ष्य एकूण दाबाचं असतं, समजा १.८ बार. घरी मीटर दाखवणार ०.८, वर तेच १.८ गाठायला मीटरवर यायला पाहिजे ०.९४. इंजिनात जाणारी हवा जवळपास तेवढीच, म्हणून गाडी तशीच पळते. पण टर्बोला मात्र जास्त राबावं लागतं, खाली तो हवा १.८ पट दाबत होता, वर २.१ पट दाबतोय, फिरतोही जास्त जोरात. नुसत्या स्प्रिंगवर चालणारी गाडी असती तर उलट झालं असतं, मीटर तोच ०.८ आणि एकूण दाब १.६६, म्हणजे गाडी मंद. स्प्रिंगच्या मागच्या बाजूलाही बाहेरचीच हवा असते ना, ती फरकच ओळखते. तर तुमच्या गाडीला काही झालेलं नाही, फक्त घाट चढून गेल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, मिनिटभर आयडलला ठेवा.

प्रश्न (मेलबर्न): नमस्कार, मी मूळचा सांगलीचा. ट्रॅकसाठी निसानची सिल्व्हिया बांधतोय, ३८ एमएमचा बाहेरचा वेस्टगेट (गॅसला वळसा देणारी झडप), ०.७ बारची स्प्रिंग. कंट्रोलर काढून नुसत्या स्प्रिंगवर चालवली तर ४००० ला ०.७ मिळतो आणि ६५०० पर्यंत १.१ होतो. आणखी मऊ स्प्रिंग टाकू का?

उत्तर: कंट्रोलर काढून बघितलंत हे फार बरं केलंत, कारण त्यामुळे दोष कुठे आहे ते स्पष्ट झालं. याला बूस्ट क्रीप म्हणतात. झडप पूर्ण उघडलेली आहे तरी गॅस तिच्यातून मावत नाही आणि उरलेला टर्बाइनवर जातो, तिथे मऊ स्प्रिंग टाकून काय होणार, उघडलेलं दार आणखी कसं उघडणार. उलट एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, बूस्ट जितका कमी ठेवायचा तितका जास्त गॅस बाहेर काढावा लागतो, म्हणजे कमी बूस्टला वेस्टगेट मोठा लागतो.

आधी मॅनिफोल्ड बघा, म्हणजे सिलिंडरांचा गॅस एकत्र आणणारे पाईप. वेस्टगेटचा पाईप काटकोनात फुटला असेल तर गॅस वळतच नाही, वाहत्या पाण्याला पाट काढताना आपण जसा तिरका काढतो तसा तो पाईप प्रवाहाच्या दिशेने तिरका निघाला पाहिजे आणि चारी सिलिंडर एकत्र येतात त्याच्या पुढे. ते ठीक असेल तर ४४-४५ एमएमचा गेट घ्या. पण तेव्हा जुन्या गेटची स्प्रिंग रंग सारखा आहे म्हणून नव्यात टाकू नका. पडद्याचा आकार बदलला की तीच स्प्रिंग वेगळा बूस्ट देते, आणि प्रत्येक कंपनीचा रंगांचा तक्ता वेगळा असतो. दोन स्प्रिंग एकात एक बसवल्या तर त्यांचे आकडे बेरजेने धरा. आरपीएम वाढला तरी बूस्ट तेवढाच राहायला लागल्यावरच कंट्रोलर परत जोडा.

प्रश्न (नाशिक): नवीन १.० टीएसआय घेतलीये, हिलाही कडक स्प्रिंग मिळते का?

उत्तर: तुमच्या गाडीत वेस्टगेट इलेक्ट्रिक मोटरने उघडतो, बूस्ट ठरवणारी स्प्रिंग तिथे नाहीच. कुणी विकायला आला तर घेऊ नका.

प्रश्न (कोल्हापूर): गाडीला काहीच केलेलं नाही, कंपनीची आहे तशीच. पण आठ दिवसांपासून जोरात दाबली की बूस्ट एकदम उसळतो आणि गाडी धाडकन ओढणं सोडते, चेक लाईट येतो. बंद करून चालू केली की परत ठीक. गॅरेजवाल्याने टर्बो बदलायला सांगितलाय.

उत्तर: टर्बोला हात लावायच्या आधी ती बारीक नळी बघा, अॅक्च्युएटरकडे जाणारी. ती फाटली किंवा निसटली की पडद्यापर्यंत दाब पोचतच नाही, स्प्रिंग झडप दाबूनच धरते आणि बूस्ट मोकाट सुटतो, मग ईसीयू घाबरून गाडी रोखतो. सोलेनॉइडची वायर निघाली तर बूस्ट खाली येतो, नळी निघाली तर वर जातो, हे कायम लक्षात ठेवा. माझ्या स्वतःच्या गाडीत क्लिपच्या खाली जेमतेम चार मिलिमीटरची चीर होती, नळी जागेवर असताना दिसायचीच नाही, काढून बोटात वाकवली तेव्हा तोंड उघडलं. गरम बाजूजवळ रबर कडक होऊन असंच चिरतं. इंजिन गार असताना दोन्ही टोकं सोडवा, वाकवून बघा, एक टोक बोटाने बंद करून दुसरीकडून तोंडाने हवा ओढा, जिभेला चिकटून राहिली तर नळी चांगली. नसेल तर उष्णता सोसणारी, त्याच जाडीची नवीन टाका, दोन्हीकडे क्लिप लावा आणि तोवर अॅक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे नेऊ नका.