मागची गाडी बंपरला चिकटून येत असेल तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नुकतीच गाडी शिकलात, पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर दोनदा गेलात आणि दोन्ही वेळा कोणीतरी मागे चिकटून डिपर मारत राहिलं. अशा वेळी वेग वाढवावा, की एकदा ब्रेक दाबून त्याला दचकवावं? दोन्ही नको. त्यातलं दुसरं मी करून बसलोय.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. सेकंडहँड गाडी, साताऱ्याहून पुण्याला निघालेलो. शिरवळ सोडलं आणि दुधाचा एक टेम्पो मागे लागला. आरशात नुसती त्याची काच दिसत होती. मला चढला राग. म्हटलं, ब्रेकवर पाय टेकवू, लाल दिवा दिसला की होईल मागे. टेकवला. टेम्पो कसाबसा डावीकडे धुळीत उतरला, कॅन खडखडले, आणि माझ्या शेजारी बसलेले सासरे (एसटीत ड्रायव्हर होते) एवढंच म्हणाले, "जाऊ द्यायचा होता की. तो काय आपल्याकडे जेवायला येणार होता?"

पुढे चहाला थांबलो तर टेम्पोवालाही तिथेच. आता भांडण होणार असं मला वाटलं. तो म्हणाला, "साहेब, ब्रेक मारताय, पण लाइट कुठंय?" त्याच्या पोराने पॅडल दाबलं, मी मागे जाऊन पाहिलं. दोन्ही दिवे बंद! पॅडलजवळचा स्विच गेला होता. म्हणजे किती दिवस मी काही न सांगता रस्त्यावर थांबत होतो देव जाणे, आणि 'लोक हल्ली फार अंगावर येतात' अशी तक्रार घरी करत होतो.

म्हणून पहिलं काम, आज रात्रीच करा. गाडी भिंतीकडे पाठ करून लावा, ब्रेक दाबा आणि भिंतीवर लाल उजेड पडतो का ते आरशात बघा.

आता चिकटणाऱ्याचं. ताशी 80 किलोमीटरने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. समोर काहीतरी झालंय हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही एक-दीड सेकंद लागतो. तो तुमच्या मागे दहा मीटरवर असेल तर तुम्ही करकचून ब्रेक मारल्यावर त्याला वेळच उरत नाही, मग तो कितीही पट्टीचा ड्रायव्हर असो. मागचं अंतर तुमच्या हातात नाही, पुढचं आहे. तेच वाढवायचं. एरवी पुढच्या गाडीपासून दोन-तीन सेकंदांचं अंतर ठेवत असाल, तर मागे असा कोणी आला की अॅक्सिलरेटरवरून पाय हलका करून ते चार-पाच सेकंद करा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की सावकाश मोजायला लागा. चारच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर अजून मागे राहा. मग पुढे काही झालं तरी तुम्हाला हळूहळू थांबता येतं आणि मागच्यालाही थांबायला वेळ मिळतो. त्या जागेत कोणीतरी घुसणारच. घुसू दे, पुन्हा थोडं मागे व्हा.

एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका: तुम्ही कुठल्या लेनमध्ये होतात? एक्सप्रेसवेवर डावी लेन अवजड वाहनांची, मधली आपली, उजवी फक्त ओव्हरटेकपुरती. उजवीत ऐंशीने गाणी ऐकत चाललेला माणूस आणि त्याच्या मागे डिपर मारणारा, यांत चूक निम्मी-निम्मी. पण तुम्ही खरोखर ट्रकची रांग ओलांडत असाल तर डिपर दिसला म्हणून दोन ट्रकमधल्या फटीत घुसू नका. ओव्हरटेक पूर्ण करा, डावा इंडिकेटर आधीच लावा, जागा दिसली की डावीकडे या. तेवढा वेळ त्याला थांबावंच लागेल. त्याच्यासाठी वेग मात्र वाढवू नका. तुम्ही शंभरवर गेलात की तोही शंभरवर चिकटतो.

ताम्हिणीसारख्या दुपदरी रस्त्यावर टपरी किंवा रुंद जागा बघून बाजूला व्हा. पण हाताने 'जा, जा' अशी खूण करू नका. वळणापलीकडचं तुम्हालाही दिसत नसतं.

रात्री मागून हाय बीम आला तर आतल्या आरशाखालची खटकी ओढा, उजेड मंद होतो.

मागे ट्रक असेल तर मात्र हिशेब वेगळा. कात्रजचा नवा बोगदा सोडून नवले पुलाकडे उतरताना लांबलचक उतार लागतो. तिथे नोव्हेंबर 2022 मध्ये एका अवजड गाडीने डझनावारी वाहनं ठोकली होती. डिझेल वाचवायला काहीजण उतारावर न्यूट्रल टाकतात. इंजिनचा धरबंद राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि मग लागत नाहीत. तेव्हा उतारावर जवळ येणारा ट्रक दादागिरीच करतोय असं धरून चालू नका, कदाचित त्याला थांबताच येत नसेल. आरशात भरभर मोठा होताना दिसला की लेन सोडा. अशा उतारावर ट्रॅफिकमध्ये थांबायची वेळ आली तर पुढच्या गाडीला नाक लावून उभे राहू नका. चारही इंडिकेटर लावा, गाडी एका बाजूला काढता येईल एवढी जागा पुढे ठेवा, आणि मागे दोन-तीन गाड्या थांबेपर्यंत नजर आरशावर ठेवा.

'मागून ठोकलं तर चूक त्याचीच' असं लोक सांगतील. 2017 च्या वाहनचालन विनियमांत पुरेसं अंतर ठेवायची जबाबदारी मागच्यावर आहे खरी, पण विनाकारण एकदम ब्रेक मारू नये असंही त्यातच आहे. शिवाय मानेला झटका बसल्यावर चूक कोणाची याने फरक पडत नाही. सीटवरची डोक्यामागची उशी काढून ठेवू नका. तिची वरची कड डोक्याच्या माथ्याइतकी उंच हवी. मागच्या सीटवरच्यांनाही बेल्ट लावायला सांगा. आमच्याकडे आई अजून कुरकुरते, पण लावते.

कधी एखादा डोक्यावरच बसतो: वाट दिली तरी मागेच राहतो, शिव्या देतो, आडवा येऊ बघतो. तेव्हा थांबू नका, काच खाली करू नका आणि थेट घरीही जाऊ नका. टोलनाका, गर्दीचा पेट्रोल पंप किंवा पोलीस चौकी गाठा. शेजारच्याला 112 लावायला सांगा. एकटे असाल तर आधी माणसांत पोचा, मग फोन करा.